चहा हवा का विचारतेय

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. सुनंदाला, माझ्या बायकोला, ती माहीत आहे. पण तिलाही मी सांगितलेली नाही — ती तिथे उभी होती, इतकंच. आता शर्ली गेली, चिंगीही गेली. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यापैकी कुणी उरलं नाही, म्हणून मला धीर आलाय. म्हणजे हाही भित्रेपणाच, नाही का?

मी न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेत डॉक्टर आहे. नव्वदच्या सुमारास पुण्याहून इथे आलो, तेव्हा मला या गावातलं इंग्रजीसुद्धा कळायचं नाही. शर्ली आमच्या दवाखान्यातली नर्स, निवृत्तीला आलेली. कुणी शेतकरी 'थोडं क्रूक वाटतंय' म्हणाला की ती माझ्या कानाशी येऊन सांगायची, "डॉक, याला आधी बघ. हे लोक मरायला टेकल्याशिवाय क्रूक म्हणत नाहीत." इथे मी जो काही उभा राहिलो तो तिच्यामुळे.

तिच्या नवऱ्याने जर्मन पॉइंटर जातीच्या शिकारी कुत्र्यांची पैदास सुरू केली होती. तो गेल्यावर तिने ती एकटीने चालवली. मूलबाळ नव्हतं. बेस नावाची तिची एक कुत्री होती, आणि आसपासचे शिकारी बेसच्या पिल्लासाठी वर्ष-वर्ष थांबायचे. त्यातलं एक पिल्लू तिने मला दिलं — ज्याने आयुष्यात बंदूक धरली नव्हती अशा माणसाला. एकदा तिच्याबरोबर बदकांच्या शिकारीला गेलो होतो, आणि पाण्याच्या कडेला पहाटे पक्ष्याच्या वासावर बेसला थिजल्यासारखी उभी राहिलेली, म्हणजे 'पॉइंट' करताना, बघून मी वेडा झालो होतो. ते तिने पाहिलं असणार. पिल्लाचं नाव आम्ही चिंगी ठेवलं. शर्लीला ते 'चिंगे' असंच म्हणता यायचं. चिंगी त्या हाकेलाही धावायची.

शर्लीने एकच गोष्ट बजावली होती. आवाजाची सवय सावकाश लावायची. पिल्लू जेवत असताना लांबून पातेल्यावर डाव वाजवायचा, रोज थोडं जवळ यायचं. मग खेळण्यातलं पिस्तूल. बंदूक सगळ्यात शेवटी. "घाई केलीस तर एका क्षणात बिघडेल, डॉक. आणि ते परत दुरुस्त होत नाही."

मी काय केलं ते आता सांगतो. 

दिवाळी होती. इथे तेव्हा वसंत असतो, संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड. गाय फॉक्सचा दिवस, म्हणजे पाच नोव्हेंबरचा इथला फटाक्यांचा सण, जवळ आला की त्या काळी कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे वाण्याच्या दुकानात, फटाके मिळायचे, अगदी आपल्या लवंगीसारखे. आमच्याकडे फराळाला चार मराठी कुटुंबं आली होती. हातात चकली घेऊन मी चिंगीचं कौतुक सांगत होतो — शिकारी कुत्र्यांच्या क्लबची चाचणी, पॉइंट, बंदूक. जोगळेकर फार्मसिस्ट आहेत, चेष्टेखोर माणूस. ते म्हणाले, "डॉक्टर, शिकारी कुत्री म्हणे! आमच्या नारायण पेठेतला मोती लवंगी ऐकून मोरीत जाऊन बसायचा. ही पण तसलीच दिसते." सगळे हसले. मीही हसलो.

आणि हसत हसत मी चिंगीला कपडे वाळत घालायच्या खांबाला बांधलं. लवंगीची अख्खी माळ तिच्यापासून चार हातांवर ठेवली. आणि पेटवली.

ती ओरडली तसं कुत्रं ओरडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. गळ्यातला पट्टा तोडायला बघत होती, जागीच मुतली. माळ संपल्यावर कुणीतरी तिला सोडलं, तशी ती आमच्या लाकडी घराच्या खालच्या पोकळीत शिरली. तुम्हाला वाटेल इथे मी थांबलो. नाही थांबलो. मी पोटावर सरपटत आत गेलो, पाय धरून तिला ओढून बाहेर काढलं आणि दुसरी माळ लावली. भीती अशीच मोडायची असते असं मी जोगळेकरांना मोठ्याने सांगत होतो. लहानपणी मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं होतं, तेही सांगितलं. जोगळेकर आता हसत नव्हते. "अहो राहू दे डॉक्टर, मी आपलं गमतीत म्हणालो," असं ते दोनदा म्हणाले. सुनंदा फराळाची ताटं आवरायला आत निघून गेली होती.

त्यानंतर गाडीचं दार आपटलं तरी चिंगी जमिनीला चिकटायची. मी पातेल्याला डाव लावला की जेवण सोडून पळायची. सुनंदा म्हणाली, शर्लीला सांगा, ती काहीतरी उपाय करेल. मी म्हणालो, होईल नीट. शर्ली विचारायची, "आवाजाचं कसं चाललंय?" मी म्हणायचो, झकास. उन्हाळा सरता सरता मी क्लबच्या चाचणीसाठी चिंगीचं नाव दिलं. का दिलं? शर्लीने आशेने विचारलं होतं, आणि नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

चाचणी नदीकाठच्या एका कुरणात होती. पहिल्यांदाच मैदानात उतरणाऱ्या कुत्र्यांमध्ये जन्मजात काय आहे, तेवढंच बघतात — नाक, शोध, पाण्यात उतरणं, पॉइंट. आणि बंदुकीचा बार. बुजऱ्या कुत्र्याला तिथे क्षमा नाही, कारण ते बुजरेपण रक्तातून उतरतं असं धरतात.

सकाळी चिंगीने काय करून दाखवलं! वाऱ्यावर नाक धरून गवत पिंजून काढलं, आणि एका झुडपापाशी एक पाय उचलून, शेपटी ताठ करून अशी थांबली, की परीक्षक स्वतःशीच शीळ वाजवून म्हणाला, "स्वीट ॲज" — म्हणजे एकदम झकास. शर्लीने माझा दंड घट्ट धरला. तिचे डोळे भरले होते. नवऱ्याचं नाव घेऊन ती काहीतरी पुटपुटली.

मग बार झाला. लांबून, एकच.

चिंगी कुरण ओलांडून, तारेच्या कुंपणातून अंग फाडत निघून गेली. बऱ्याच वेळाने सापडली — माझ्या गाडीखाली. तिला बाहेर काढायला मी वाकलो, तर ती आणखी आत सरकली. शेवटी सुनंदाने काढली.

परीक्षक भला माणूस होता. त्याने लगेच काही लिहिलं नाही. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "काही हिस्टरी आहे का हिची? फटाके, वीज, काही घाबरण्यासारखं?" हिस्टरी. मी रोज हाच शब्द वापरतो. हिस्टरी लपवली तर मी काय औषध देणार, असं मी रोज पेशंटना ऐकवतो. आणि शर्ली माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणावं म्हणून अक्षरशः जीव एकवटून बघत होती. माझ्या एका होकाराने बेसचं रक्त स्वच्छ ठरलं असतं, दोष फक्त माझा उरला असता.

मी म्हणालो, "नाही. काही नाही."

मागे चहाचा थर्मास घेऊन सुनंदा उभी होती. तेव्हा ती इंग्रजी बोलायला बिचकायची, पण तिला सगळं कळायचं. ती मराठीत म्हणाली, "अहो, सांगा ना दिवाळीचं. सांगून टाका."

शर्ली चटकन वळली. "काय म्हणतेय ती?"

मी म्हणालो, "चहा हवा का विचारतेय."

एवढंच. हेच ते. त्या कुरणात त्या वाक्याचा अर्थ कळणारी आम्ही दोनच माणसं होतो, आणि मी त्याचा फायदा घेतला. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून थर्मासचं झाकण उघडलं आणि सगळ्यांना चहा ओतून दिला. शर्लीने तो घेतला, थँक यू म्हणाली.

पुढच्या आठवड्यात शर्लीने बेसचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून टाकलं. बेसच्या इतर पिल्लांच्या मालकांना स्वतः फोन करून सांगितलं, यांच्यापासून पुढे पैदास करू नका. एकाने तिला फसवी म्हटलं. ते मला तिनेच सांगितलं. फेजोआंनी, इथल्या पेरूसारख्या फळांनी, भरलेली टोपली घेऊन ती आमच्या दारात आली होती — माझी माफी मागायला. "तुला खराब कुत्रं दिलं मी, डॉक." मी तिला आत बसवलं, 'असं काही नाही गं' म्हणालो, आणि त्या फेजोआ खाल्ल्या. आम्ही सगळ्या खाल्ल्या.

तिच्या घरामागचे कुत्र्यांचे पिंजरे मग रिकामेच राहिले. काही वर्षांनी तिला कॅन्सर झाला. दुखणं कमी करायचं औषध द्यायला मीच जायचो. मॉर्फिनच्या गुंगीत ती जुन्या जोड्या आठवत राहायची — कुठल्या कुत्रीला कुठला नर दिला, रक्त नेमकं कुठे बिघडलं. "माझंच काहीतरी चुकलं असणार," ती म्हणायची. "त्याने इतकी वर्षं नीट सांभाळलं, आणि मी घालवलं." खोलीत आम्ही दोघंच असायचो. मी तिची नाडी बघायचो. मी काय म्हणायचो माहीत आहे? "आता नको तो विचार करूस." तिच्या अंत्यविधीला तिच्या बहिणीने सगळ्यांसमोर माझे आभार मानले. मी मान लववली.

चिंगी आमच्याकडेच राहिली. दर नोव्हेंबरला गावात फटाके सुरू झाले की ती थरथरत घरभर फिरायची, आणि शेवटी यायची ती माझ्याकडे. सुनंदाकडे नाही. माझ्या दोन्ही मांड्यांमध्ये डोकं खुपसून उभी राहायची. जे हात माळ लावत होते तेच हात मी तिच्या कानांवर ठेवायचो. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

आता संध्याकाळी घर शांत असतं. मी दवाखान्यातून येतो, सुनंदा माझ्यासमोर कप आणून ठेवते आणि तिच्या कामाला जाते. हवा का, असं त्या दिवसापासून तिने मला एकदाही विचारलेलं नाही.