आमचा मेलेल्यांचा पिक्चर

माझ्या बायकोला वाटतं, मला भुताचे पिक्चर सहन होत नाहीत. टीव्हीवर तसलं काही लागलं की ती आपणहून चॅनल बदलते — माझ्यासाठी. आणि मी बदलू देतो. खरं काय ते आजवर कुणापाशी बोललो नाही. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. कुसुमआत्यालाही नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून झरीचं सासर सोडून ती मसोलीला आमच्याकडे आली. तेव्हा मी चालायलाही लागलो नव्हतो. आईवडील दिवसभर चिकूच्या वाडीत असायचे. मला वाढवलं आत्यानं. आणि भुतांचं वेड लावलं तेही तिनंच. गावात व्हिडिओ कॅसेट भाड्यानं मिळायच्या, तेव्हापासूनचं आमचं हे दोघांचं.

त्यातला एक पिक्चर तर आमचा खास. जुना, काळापांढरा, इंग्रजी. एका आडगावच्या स्टेशनात काही माणसं अडकली आहेत, आणि बाहेर प्लॅटफॉर्मवर मेलेली माणसं उठून चालतायत — सावकाश, गाडीची वाट बघत असल्यासारखी. त्याची कॅसेट कधीच खराब झाली होती. २०१४ साली मी तलासरीला एका कारखान्याच्या ऑफिसात लागलो, तिथल्या मित्राकडे तो पुन्हा सापडला. पेनड्राइव्ह घेऊन घरी आलो, तर आत्या लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायला लागली.

मग रविवारच्या दुपारी आमच्या झाल्या. भर दुपारी आम्ही खिडक्यांना गोधड्या लावून अंधार करायचो. खोलीत पिकायला ठेवलेल्या चिकूंचा वास. आत्याला इंग्रजी येत नव्हतं. आधी मी अर्थ सांगायचो, नंतर नंतर तीच माझ्या आधी सांगायला लागली. त्यात एक म्हातारी आहे. तिला काचेतून आपला मेलेला नवरा दिसतो आणि ती सरळ दाराची कडी काढायला जाते. मी दर वेळी ओरडायचो. आत्या नाही.

"ओरडतोस काय रे, रवी?" ती म्हणायची. "घरचाच माणूस आहे तो. बाहेर किती वेळ उभा राहील?"

आणि हे म्हणताना माझा हात इतका घट्ट धरायची, की नखं रुतायची. असा सोबती किती जणांना मिळतो, सांगा?

तर — २०१७. माझं लग्न ठरत होतं. मुलगी बोईसरची, मला मनापासून आवडलेली. तिचे आईवडील आमचं घर बघायला आले. वडील त्यांच्यासाठी चांगले चिकू काढायला वाडीत गेलेले. मुलीच्या आईनं मला सहज विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करता? मी काहीतरी बरं दिसेल असं उत्तर शोधत होतो, तेवढ्यात आत्या चहाचा ट्रे घेऊन आली.

"आम्ही दोघं मेलेल्यांचा पिक्चर बघतो!" ती खुशीत म्हणाली. "आता तुमच्या मुलीलाही मध्ये बसवू."

कुणी हसलं नाही. मुलीच्या आईनं कप खाली ठेवला आणि आत्याच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं. विधवा बाई, आणि तोंडी मेलेल्यांची भाषा — त्या नजरेचा अर्थ आमच्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. मलाही कळला.

एक वाक्य पुरलं असतं. 'मलाही आवडतो तो' — एवढंच. जड होतं का ते?

आत्या आत जाईपर्यंत मी थांबलो. मग आवाज खाली आणून म्हणालो, "मनावर घेऊ नका. यजमान गेल्यापासून तिचं डोकं थोडं... औषध चालू आहे. मला तर असलं बघवतही नाही. तिच्यासाठी बसतो."

औषध! आत्यानं साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा कधी घेतली नव्हती. आई माझ्याकडे बघतच राहिली. स्वयंपाकघराचं दार — ते उघडंच होतं.

लग्न ठरलं. मागोमाग मध्यस्थांकडून निरोप आला: लग्नानंतर त्या बाईंची सोय दुसरीकडे होईल का? वडील भडकले. "ती ह्या घरची आहे," म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं, मी त्यांच्या बाजूनं बोलेन.

मी म्हणालो, "झरीला तिचं हक्काचं घर आहे की."

आत्यानं कुणाला काही बोलू दिलं नाही. झरीला पुतण्याची बायको बाळंत होणार आहे, मला जायचंच होतं, असं म्हणाली आणि स्वतःच बॅग भरली. एसटी स्टँडवर मी सोडायला गेलो. गाडी सुटेपर्यंत ती मला माझ्या लग्नात कुठली साडी नेसणार ते सांगत होती. लग्नात ती मागच्या रांगेत बसली.

पिक्चर मी अजून बघतो. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, कानात इअरफोन घालून. म्हातारी कडी काढते. मी ओरडत नाही. शेजारी कुणी नसतं.

२०१९च्या दिवाळीत बायकोला घेऊन झरीला गेलो होतो. आत्या ओट्यावर नाचणी पाखडत होती. वाळलेली, पण आवाज तोच. बायको मनानं चांगली आहे, ती आत्याजवळ जाऊन बसली आणि मायेनं म्हणाली, "आत्या, आता बरं वाटतं ना? तो पिक्चरचा त्रास वगैरे...?"

आत्याचं सूप थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं. माझं सगळं घर त्या वेळी तिच्या हातात होतं, आणि ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

"सुटलं गं ते," ती म्हणाली. "औषधाचा गुण आला."

"बघा," बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "वेळेवर डॉक्टरला दाखवलंत ते किती बरं झालं."

मी म्हणालो, "हो."