माझ्या पायांचा नंबर आर वीस

जळक्या कातड्याचा वास आला आणि मला वाटलं, बंबाजवळ कुणाची तरी चप्पल पेटली. मी सुनेला हाक मारली, "सुशे, चप्पल जळती बघ कुणाची!"

ती आली, खाली बघितलं आणि किंचाळली, "आत्ती, तुमचा पाय हाय त्यो!"

बंबातून पडलेल्या निखाऱ्यावर मी उभी होते. मला पत्ताच नव्हता.

मुंग्या बरेच दिवस येत होत्या. आधी तळव्यांना, मग हाताच्या बोटांना. धार काढताना सड हातात आहे की नाही, ते बघून ठरवावं लागायचं. म्हैस लाथ झाडायची आणि मी तिलाच शिव्या घालायचे.

पाय भाजल्यावर गल्लीत कुजबुज सुरू झाली, म्हातारीला महारोग झालाय. सुनेनं माझं ताट वेगळं ठेवलं. मी जेवलेच नाही.

लेकानं मला उचगावातून कोल्हापुरात मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले. कापूस फिरवला, टाचणी टोचली. मला काही लागलं नाही. अंगभर चट्टे शोधले, एकही सापडला नाही तेव्हा म्हणाले, "महारोग नाही." मग केसपेपरवर लिहिलं, आर वीस.

"ह्यो कसला आजार?"

"आजी, हा आजार नव्हे. कातडीची जाणीव बिघडली की हा नंबर लिहितात. कशानं बिघडली, ते अजून शोधायचंय."

"म्हंजे ठावं न्हाय म्हणायला बी तुमच्यात नंबर हाय व्हय?"

डॉक्टर हसले. "आहे की. तो खोडायलाच तुम्हाला ठेवून घेतोय."

माणूस मला आवडला.

नर्व्ह कंडक्शन नावाची तपासणी झाली. विजेचे बारीक झटके देऊन नसांतून निरोप पोचतो का, ते बघतात. साखर तपासली, ती ठीक होती. मग त्यांनी खाणं विचारलं.

"मटण, अंडी?"

"लेकाच्या नोकरीचा नवस हुता. सोडलंय."

"दूध?"

"डेअरीला."

"सगळं?"

"मग? म्हस काय मला प्यायला पाळलीया?"

"निदान चहात तरी?"

"कोराच पिती."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि रक्त बी ट्वेल्व्हसाठी पाठवलं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मटणातून मिळतं आणि त्यावर नसा चालतात. माझ्या अंगात ते जवळजवळ नव्हतंच. डॉक्टरांनी माझ्यासमोर आर वीस खोडलं आणि ई त्रेपन्न लिहिलं. आता आजाराला नाव होतं आणि इंजेक्शनही.

इंजेक्शनं बरीच घेतली. एका सकाळी ड्रेसिंगच्या वेळी नर्सबाईंनी औषध लावलं आणि भाजल्या जागी झणझणलं. मी ओरडले, "झोंबतंय! बाई, झोंबतंय!" डॉक्टर टाचणी घेऊन आले. "ओय! टोचलं की ओ! पुन्यांदा टोचा!" सगळा वॉर्ड हसत होता. मी त्यांना एकेका बोटाला टोचायला लावलं. पाय दुखला म्हणून त्या दिवशी लेकाकडून पेढे आणवले.

तुमच्या पायाला मुंग्या येत असतील तर निखाऱ्याची वाट बघू नका. कागदावर असा नंबर दिसला तर भिऊ नका, पण तिथं थांबूही नका. कशामुळं, ते विचारा.

नवस मी मोडला नाही. सकाळचा पहिला पेला मात्र माझा, मग डेअरी. डावी करंगळी अजून बधिर आहे. ताट परत सगळ्यांच्यात आलं.

ती म्हैस पुढं म्हातारी होऊन मेली. मी आहे.