थुंकी घेऊन नांदेडला

मेंदूतली प्रत्येक चेतापेशी आपला तोल सांभाळण्यासाठी आयुष्यभर अखंड साधना करत असते.

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाला जोडलेल्या मराठी गोषवाऱ्याचं हे पहिलं वाक्य. ‘साधना’ हा शब्द मार्गदर्शक सरांनी खोडला होता, मी तो परत घातला. हे वाक्य सुचलं तेव्हा मी लातूरहून नांदेडला जाणाऱ्या बसमध्ये होते आणि मांडीवर बर्फाचा डबा होता. डब्यात एका पाणीपुरवठा कार्यालयातल्या लोकांची थुंकी होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, “लस हाय का?” मी हो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्या अहमदपूरपर्यंत उभ्यानं गेल्या असत्या.

मी लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर शिक्षिका, नाही घेतला तर पाहुणी. पदवी मिळाली तर कायम होण्याची आशा होती. विद्यापीठाने दिलेली मुदतवाढ शेवटची होती आणि ती संपली की नोंदणी रद्द. विषय होता कामाच्या ठिकाणचा ताण आणि चेतापेशींच्या जाळ्यांचं स्वनियमन. ताणावर संशोधन करणारीला झोप लागत नाही, यात कुणाला काही गंमत वाटत नव्हती, कारण आमच्या विभागात झोप कुणालाच लागत नव्हती.

विषय नावाइतका अवघड नाही. एका चेतापेशीकडे हजारो पेशींचे निरोप येत असतात. निरोपांचा गोंगाट फार दिवस टिकला, की ती आपली निरोप घेणारी दारं हळूहळू कमी करते. फार सामसूम झाली, की वाढवते. वरून कुणी परिपत्रक काढत नाही. असं करत सगळं जाळं आपल्या नेहमीच्या पातळीवर येतं. नांदेडला सरांनी असं एक जाळं संगणकावर रचलं होतं आणि ते फार शहाण्यासारखं वागायचं. माझ्या वाट्याला माणसं आली. रोजच्या ताणाला माणूस किती सरावतो, हे मला एका प्रश्नावलीतून आणि लाळेतल्या एका संप्रेरकावरून मोजायचं होतं. सरांच्या पेशी चहा पीत नव्हत्या. हा फरक केवढा मोठा आहे ते पुढे कळलं.

ताण मोजायला मी जागा चांगली निवडली होती. जळकोटकडच्या एका गावातलं पाणीपुरवठ्याचं कार्यालय. गावाचं नाव सांगत नाही. तिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, एवढ्यावरून काही ते ओळखू येणार नाही. तक्रारीच्या फोनवर एक ताई बसायच्या. फोन उचलला की पलीकडून आधी शिव्या यायच्या, मग पत्ता. वॉल्व्ह सोडण्या-बंद करण्याचं काम एका वयस्क गृहस्थांकडे होतं, त्यांना सगळे मामा म्हणत. गावातल्या लग्नाची पत्रिका देवाच्या खालोखाल त्यांना जायची, कारण मांडवाच्या दिवशी पाणी लागतंच. पाइप जोडणारे फिटर होते, त्यांना भाई म्हणत. आणखी पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांनी नमुने द्यायला कबुली दिली.

“थुकाच द्यायचा ना म्याडम?” मामा म्हणाले. “तेवढा तर आमी रस्त्यानं फुकट वाटतो.”

नियम साधा होता. नमुना देण्याआधी चहा, तंबाखू, मिश्री काही नको, नुसत्या पाण्याने चूळ भरायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण त्या कार्यालयात कुणी आलं की चहा येतो, कुणी आलं नाही तर कंटाळा आला म्हणून येतो, आणि आलेला चहा परत पाठवणं हा अपमान समजतात. तंबाखू तर तोंडात आहे हेच पुष्कळांच्या लक्षात नसायचं. पहिले नमुने पोचले त्याच दिवशी नांदेडच्या प्रयोगशाळेतून फोन आला, “म्याडम, ह्यात लाळ कमी अन् तंबाखू जास्त हाय.”

मी ते कार्यालयात सांगितलं. रागावले नाही, रडकुंडीला मात्र आले असेन, कारण मामांनी तिथल्या तिथे सगळ्यांना आवारात बोलावलं.

“हे बघा, म्याडमच्या डिगरीचा सवाल हाय. उद्यापासून दुपारपतूर कुणी तोंडात काई टाकायचं न्हाई. चहावाल्याला मी सांगतो.”

“मिश्रीबी न्हाई?” ताईंनी विचारलं.

“मिश्री काय म्याडमनी आणल्याली हाय का? न्हाई म्हंजे न्हाई.”

आणि त्यांनी ते पाळलं. चहावाला फाटकापाशी आला की त्याला हात जोडून परत पाठवायचे. दोन आठवडे मी स्वच्छ, पारदर्शक लाळ नांदेडला नेत होते. अशी लाळ त्या प्रयोगशाळेने आमच्या भागातून क्वचितच पाहिली असेल.

कार्यालयाची मात्र दशा झाली. ताई आता फोन उचलल्यावर आधी स्वतःच ओरडायच्या. “पाणी न्हाई तर न्हाई! माझं डोकं ठणकायलंय, ते कुणाला सांगू?” एका पान्यावरून दोघेजण हमरीतुमरीवर आले. पाना दोघांचाही नव्हता. मामा वॉल्व्ह असा आवळायचे की तो सोडायला दुसऱ्या दिवशी भाईंना बोलवावं लागे. प्रश्नावलीतले ताणाचे गुण छताला टेकले आणि लाळेतले आकडे कसेही उसळले. मी हरखून गेले. कामाच्या ठिकाणी ताण असतो, हे सिद्ध होत होतं.

सरांनी आकडे पाहिले, चष्मा काढला आणि विचारलं, “यांनी चहा-तंबाखू कधीपासून सोडलीय?”

मी सांगितलं.

“मग तुम्ही कामाचा ताण नाही मोजलेला,” ते म्हणाले. “तुम्ही चहा नसल्याचा ताण मोजलाय.”

ते बरोबर होते. रोज चहा-तंबाखू येणार हे धरूनच त्या माणसांच्या मेंदूतल्या जाळ्यांनी आपला तोल बसवला होता, वर्षानुवर्षं. आम्ही एका सकाळी एका बाजूचं वजन काढून घेतलं. स्वनियमनाचा इतका स्वच्छ नमुना मला पुस्तकात मिळाला नसता. फक्त मी त्यासाठी मोजत नव्हते. सरांनी विचार करून एक वाट सांगितली. लोकांनी असंच चालू ठेवलं तर जाळी नव्या परिस्थितीला जुळवून घेतील आणि आकडे खाली येतील. मग जो ताण उरेल तो कामाचा. जो गेला तो चहाचा. हे दाखवता आलं तर प्रबंध उभा राहतो. नाहीतर मुदतीत नवी माणसं, नवे नमुने शक्य नव्हते.

“पण आणखी तीन-चार आठवडे,” सर म्हणाले. “ते तयार होतील?”

मी परतीच्या बसमध्ये ठरवलं की विचारायचंच नाही. ज्यांचं डोकं ठणकतंय त्यांना माझ्या पदवीसाठी आणखी ठणकवा म्हणायचं कोणत्या तोंडानं? दुसऱ्या दिवशी मी आभार मानायला गेले. जे झालं ते सांगितलं आणि चहावाल्याला बोलवा म्हणाले.

कुणी बोलावलं नाही.

“म्हंजे आमचं समदं वाया गेलं?” मामांनी विचारलं.

“वाया नाही. पण पुढं चालवावं लागलं असतं.”

“किती?”

“महिनाभर म्हणा.”

मग भाई हसले. “म्याडम, मी हर साल महिनाभर दिवसा पाणीबी पीत न्हाई. अन् हे लोक चहाला रडून राहिले!”

“रडतंय कोण?” ताई उसळल्या. “मी नवरात्रात नऊ दिवस उभ्यानं काढते. तुमच्या एका महिन्याचं काय कौतुक!”

“मग बसा की उभ्यानं,” भाई म्हणाले.

त्या भांडणातच ते ठरलं. एकाला माघार घ्यायची नव्हती म्हणून दुसऱ्याने घेतली नाही, असं मी बरीच वर्षं मानत आले. आता वाटतं, मला ओशाळं वाटू नये म्हणून त्यांनी भांडणाचं निमित्त केलं असावं.

तिसऱ्या आठवड्यात ताईंची डोकेदुखी थांबली. पान्यावरून भांडलेले दोघे एकत्र डबा खायला लागले. आकडे उतरू लागले, एखादा हट्टी सोडला तर सगळ्यांचे. पूर्ण खाली मात्र ते आले नाहीत. काही ताण उरलाच आणि तो फोनच्या जवळ बसणाऱ्यांत जास्त होता. मेंदू चहाच्या अभावाशी जुळवून घेतो. शिव्यांशी तेवढं जुळवून घेत नाही. माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष इतकाच आहे. तो इंग्रजीत बराच लांब वाटतो.

प्रबंध मुदतीत गेला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, प्रयोगातल्या व्यक्तींना तुम्ही कशाने प्रवृत्त केलंत? “त्या आधीच प्रवृत्त होत्या,” असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं.

प्रबंधाच्या आभारात विद्यापीठाला लागतात ती सगळी मोठी नावं आहेत. नमुने देणाऱ्यांची ओळख गुप्त ठेवायची असते, म्हणून ती माणसं तिथे नाहीत. एका माणसाने दुसऱ्यासाठी जीव दिल्याच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. सकाळचा चहा दिल्याची ही एकच मला ठाऊक आहे, आणि देणारे वीसेक जण होते. आज मी कायम आहे. सकाळी वर्गात शिरताना ती माणसं आठवतात. त्यांना त्यातून काहीच मिळणार नव्हतं आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पदवी मिळाल्यावर त्यांनीच माझा सत्कार ठेवला. कार्यालयाच्या आवारात मांडव, फलक, शाल, श्रीफळ. मामांना आग्रहाने व्यासपीठावर बसवलं. प्रमुख पाहुणे ‘तणावमुक्त जीवन’ या विषयावर बोलू लागले. आपल्या पूर्वजांना ताण हा शब्दच ठाऊक नव्हता, असं ते म्हणाले आणि मग पूर्वजांकडून निघून हळूहळू आजच्या काळाकडे यायला लागले. मामा खुर्चीत चुळबुळत होते.

“काय झालं?” मी हळूच विचारलं.

“टेकडीकडचा वॉल चालू हाय. बंद करायचा टाइम होऊन गेला.”

“मग जा की.”

“पाव्हणे बोलायलेत. बरं दिसंल का?”

ते गेले नाहीत. टेकडीकडच्या वस्तीतल्या लोकांनी आधी भांडी भरली, मग अंगणं धुतली, मग मोटारसायकली धुतल्या आणि शेवटी रस्ता धुतला.