हौसावैनींचा तेरडा

दत्ताराम सुर्व्यांनी गावामागचा अख्खा सडा, म्हणजे कातळाचं पठार, बिघडवला तो एका मुठीत, आणि तोही चांगल्या मनाने. जन्मभर बोटीवर निळं पाणी बघून कंटाळलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांना रंगांची भूक लागली. खेडच्या बाजारातून कॉसमॉसच्या बियांची पुडी आणली. परसात पेरायची, तर सड्यावर फिरायला गेले, एवढा उघडा कातळ बघून गहिवरले आणि मूठ वाऱ्यावर सोडून मोकळे झाले.

तिसऱ्या पावसाळ्यात सडा केशरी झाला. धुक्यात कुणीतरी दिवे लावून विसरून गेलंय, असं वाटायचं. मोटारी थांबू लागल्या. फोटो काढणाऱ्या जोडप्यांजवळून जाताना दत्ताराम उगाच खाकरत; कुणी विचारलंच, तर सांगायला बरं. विचारलं ते फक्त शेजारच्या हौसावैनींनी.

"काय वो भावजी, तुमच्या या फुलांनी माझा तेरडा खाल्लानी, त्याचं काय?"

वाडीत गौर मुखवट्याची नसे. सड्यावरच्या एका खळग्यात तेरडा गुलाबी फुलायचा. तो मुळासकट उपटून आणायचा, हळदीच्या पानात धरायचा, तीच गौर. खळगा वैनींना सासूने दाखवलेला. त्या वर्षी त्यात कॉसमॉस छातीभर उभा होता आणि गौर आली ती काडीएवढी, एका फुलाची. आरतीला बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. पुढल्या वर्षी तेवढीही मिळेल का, हे कुणी बोललं नाही. दत्तारामांना मात्र ते रात्रंदिवस ऐकू येत राहिलं.

पुढच्या आषाढात वैनी डोक्यावर प्लास्टिक घेऊन खळग्यात उपटायला बसल्या. दत्ताराम कोयता घेऊन गेले आणि दिवसभर शेंडे छाटून ताठ मानेने परतले. आठवड्याने एकेका खोडाला तीन तीन फांद्या.

"न्हावी की काय तुम्ही?" वैनी म्हणाल्या. "मुळं काढा वो, मुळं. फूल धरायच्या आत."

मग दोघंही उपटत राहिले. ढग खालच्या समुद्रातून चढत, सड्यावरून पायी चालल्यासारखे जात. वैनी दिसेनाशा होत, मग फक्त त्यांचं पुटपुटणं शिल्लक राही. अशा एका ढगाचा फायदा घेऊन दत्तारामांनी मोठ्या धोंड्याआड चार रोपं राहू दिली. आपण लावलेलं काहीतरी असावं, एवढंच.

गौरीच्या दिवशी दत्ताराम छत्री धरून वैनींच्या मागे सड्यावर गेले. खळगा आधी नुसता हिरवा दिसला. ढग सरकला. मधोमध तेरडा उभा होता, गुडघाभर, गुलाबी. चांगली दहाबारा रोपं. वैनींनी एकच उपटलं. बाकीची रोपं बी झडायला राहू दिली. परतताना त्या धोंड्याआड वळल्या. चारही कॉसमॉस मुळासकट वर आले. एक फूल त्यांनी अंबाड्यात खोचलं, झऱ्याचं पाणी तोंडात घेतलं आणि निघाल्या. गौर घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही, म्हणून ही चूळ धरायची.

ही संधी दत्ताराम कशी सोडणार? धुक्यातून ते वाटभर बोलत होते. "वैनी, एक कोपरा ठेवूया का? कुंपण घालतो. बाकडं टाकतो. संध्याकाळी बसू, बोटी बघू..." वैनींचे गाल फुगलेले, पावलं सावकाश, पानात गौर डुलत होती. नकार येत नाही म्हणजे होकारच, असं दत्तारामांना वाटू लागलं. मनातल्या मनात बाकड्याला रंगही देऊन झाला.

"आणि खरं सांगा," दारापाशी ते म्हणाले, "तुम्हालाही आवडतात की! अंबाड्यात खोचलंत ते काय उगाच?"

सुनेने वैनींच्या पायांवर पाणी घातलं. वैनी आत गेल्या, गौर पाटावर ठेवली, शांतपणे बाहेर आल्या आणि अंगणाच्या कडेला चूळ टाकली.

"माझ्या अंबाड्यात बी रुजत नाय, भावजी."