धर्मराजकाकांचा घसारा

परदेशात, अर्विंगमधलं भाड्याचं घर सोडताना प्रणिताने जे केलं, ते नागपुरातल्या कुठल्याही सुसंस्कारी मुलीने केलं असतं. सामान हलवून झाल्यावर तिने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि आईने तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. "रिकामं घर तसंच नाही सोडायचं बेटा, लोक नावं ठेवतात. स्वच्छ धुऊन दे." मग प्रणिताने स्वयंपाकघरात चार बादल्या पाणी ओतलं, गुडघ्यांवर बसून खसाखसा घासलं, आणि शेवटी तिच्या ध्यानात आलं की या देशातल्या स्वयंपाकघराला मोरी नसते. पाण्याला जायला वाटच नव्हती. टॉवेलांनी टिपून घेईपर्यंत ते लाकडासारख्या दिसणाऱ्या त्या पट्ट्यांच्या फटींत शिरलं होतं. दोन दिवसांनी किल्ली द्यायला गेली तेव्हा पट्ट्या पापडासारख्या फुगल्या होत्या.

स्वच्छतेचं बक्षीस तीन आठवड्यांनी ईमेलने आलं. पूर्ण घराची फरशी बदलायचा खर्च तेवीसशे डॉलर. तिचं सहाशेचं डिपॉझिट त्यात वळतं केलेलं, उरलेले सतराशे ताबडतोब भरा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा. तिच्याकडे सतराशे नव्हते. पहिला पगार व्हायला अजून महिना होता. आणि नोकरी होती दूर, दुसऱ्या राज्यात हर्नडनला, येत्या सोमवारपासून. तिथल्या अपार्टमेंटवाल्यांनी कळवलं होतं की आधीच्या घराची बाकी मिटल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. म्हणजे नोकरी होती, पण डोकं टेकायला जागा नव्हती.

तोवर ती कॉलेजमधला सीनियर अनुप याच्या घरी सोफ्यावर झोपत होती. अनुपने ईमेल वाचला आणि हात झटकले. "यार, इथे यांच्याशी फाइट करून उपयोग नसतो. मी पैसे देतो, भर आणि मोकळी हो." त्याचं मन मोठं होतं, पण त्याच्या घराचे हप्ते प्रणिताला माहीत होते. ती नाही म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

अनुपचे वडील धर्मराजकाका अमरावतीच्या जिल्हा परिषदेत छत्तीस वर्षं भांडारपाल होते. खुर्च्या, कपाटं, हातपंपांचे सुटे भाग यांत त्यांचा जन्म गेला. बायको गेल्यावर मुलाने इथे आणलं. गाडी चालवता येत नाही, त्यामुळे सकाळी टोपी घालून कॉम्प्लेक्सला तीन फेऱ्या मारायच्या आणि मग टपालात आलेला प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, मग ते पिझ्झाचं कूपन का असेना. घरात त्यांना सगळे जपत, आणि कोणी काही विचारत नसे.

"दाखव बरं मले तो कागद," ते प्रणिताला म्हणाले.

तिने फोन पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. "फरशी खराब कोणी केली?"

"मीच, काका. पण ऑनलाइन सगळे म्हणतात, नॉर्मल वेअर अँड टेअर म्हणून सांग."

"ती झीज. वापरून वापरून होते ती. हे नुकसान आहे, आणि ते आपण केलं. आपलं ते आपलं म्हणायचं." प्रणिताचा चेहरा उतरला. काका पुढे म्हणाले, "पण नुकसान कशाचं केलं? नव्या फरशीचं की जुन्या? यात घसारा कुठे आहे?"

प्रणिता इंजिनिअर होती, पण हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता. काकांनी समजावलं. दहा वर्षं टिकणारी खुर्ची नवव्या वर्षी मोडली, तर मोडणाऱ्याकडून नव्या खुर्चीची किंमत घेता येत नाही. आठ वर्षांची किंमत खुर्चीने आधीच फेडलेली असते. "ऑडिटवाला आला की पहिलं विचारतो, खरेदीची तारीख काय? या लोकायले कोणी विचारलं का?"

कोणी विचारलं नव्हतं. काकांनी रेघांचा कागद मागवला आणि पेनाने इंग्रजी पत्र लिहायला घेतलं. सुरुवात होती, 'विथ रेफरन्स टू द सब्जेक्ट सायटेड अबव्ह'. प्रणिता कानकोंडी झाली. "काका, असं इथे कोणी लिहीत नाही."

"म्हणूनच वाचतील," काका म्हणाले.

पत्रात बचाव नव्हता. कोणत्या दिवशी, किती बादल्या पाणी ओतलं, नेमक्या कुठल्या अकरा पट्ट्या फुगल्या, हे सगळं कबूल केलं होतं. मग दोन विनंत्या. फरशी बसवल्याची तारीख कळवावी, आणि घसारा वजा जाता, फक्त स्वयंपाकघरापुरती रक्कम आकारावी. शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'.

दुसऱ्या दिवशी दोघं प्रणिताच्या जुन्या कॉम्प्लेक्सच्या ऑफिसात गेली. मॅनेजर डोनाने काकांना खुर्ची दिली, पत्र वाचलं आणि पुन्हा वाचलं. "माझ्यासमोर रोज लोक ओरडतात की आम्ही काही केलंच नाही," ती म्हणाली. "कुठल्या पट्ट्या बिघडवल्या ते मोजून सांगणारं आजवर कोणी आलं नाही." तिने कॉम्प्युटरमध्ये शोधलं. फरशी आठ वर्षांपूर्वीची होती आणि त्यांच्याच कागदांत तिचं आयुष्य दहा वर्षं लिहिलेलं होतं. वरिष्ठांना विचारायला तिने दोन दिवस मागितले. शुक्रवारी उत्तर आलं. स्वयंपाकघर म्हणजे घराची पाव फरशी, आणि तिचीही उरलेल्या दोन वर्षांचीच किंमत. एकशे पंधरा डॉलर कापून बाकीचं डिपॉझिट परत, थकबाकी शून्य. संध्याकाळी हर्नडनहून किल्लीचा निरोप आला.

रविवारी तिला विमानतळावर सोडायला अनुप गाडी काढायला गेला, तेव्हा प्रणिता काकांसमोर उभी राहिली. "काका, तुमचे उपकार मी कशी फेडू?"

काका म्हणाले, "नोकरीला लागलो तेव्हा अमरावतीला एक खोली घेतली होती. तीन महिन्यांनी मालकाला माझी जात कळली. भिंत खराब केली म्हणाला, अनामत ठेवून घेतली आणि संध्याकाळच्या आत खोली खाली करायला लावली. ती भिंत मीच चुना लावून पांढरी केली होती."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? हातगाडीवर सामान टाकलं आणि निघालो. दिवसभर सरकारी पत्रं लिहायचो, पण ते एक लिहायची हिंमत झाली नाही. घरात कोणाला सांगितलंही नाही. अनुपलाही माहीत नाही." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "या वयात ते पत्र तू माझ्याकडून लिहून घेतलं. त्या बाईनं ते वाचलं, खुर्ची दिली, उत्तर दिलं. मी तुझा आभारी आहे, बेटा."

प्रणिताने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "जय भीम, काका."

"जय भीम," काका म्हणाले, आणि तिची जड बॅग तिला हात लावू न देता स्वतः उचलून गाडीपर्यंत घेऊन गेले.