दादासाठी काढलेला टी-शर्ट
दादा हार्ट अटॅकने गेला, त्यानंतर डॉक्टरांनी मलाही व्यायाम सुरू करायला सांगितलं. जिमचे कपडे घ्यायला मी वाशीतल्या एका दुकानात पहिल्यांदाच गेलो, तर दुकानदार ओळखीचं हसला.

"या साहेब, बऱ्याच दिवसांनी. मागचा टी-शर्ट काखेत काचतो म्हणाला होतात ना? हा घालून बघा. कापड ताणतं, घामही पटकन सुकतो."

तो मला दादा समजत होता. आम्ही दिसायला सारखेच, पण दादा या दुकानात यायचा हे मला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं सोडून मी ट्रायल रूम कुठे आहे तेवढं विचारलं.

ट्रायल रूममध्ये तो गडद निळा टी-शर्ट चढवला. खांद्यावर नीट बसला, हात वर केले तरी कुठे ओढला नाही. आरशात मात्र दादा उभा होता, फोटोसाठी राहायचा तसा पोट आत घेऊन. मीही श्वास सोडला नाही.

टी-शर्ट घेतला. वहिनी जुईनगरला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. जिन्यात ती अचानक समोर येईल, म्हणून जिमला जाताना मी अजूनही त्यावर शर्ट घालतो आणि गळ्यापर्यंत बटणं लावतो.