धामणीचा उपास

आठवीत असताना आमच्या वर्गानं एक धामण दत्तक घेतली. नव्वदची सालं सरत आली होती आणि शाळेच्या निसर्ग मंडळाला काहीतरी करून दाखवायची खाज सुटली होती. पेठ वडगावच्या अलीकडं एका मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक सर्पमित्र जखमी साप आणून बरे करायचा आणि परत रानात सोडायचा. आम्ही त्याला मामा म्हणायचो. एकेका वर्गानं एकेक साप दत्तक घ्यायचा आणि तो बरा होईपर्यंत त्याचं खाणं बघायचं, असं ठरलं. 'अ' तुकडीच्या पोरींनी पुढंपुढं करून नाग पटकावला. आमच्या 'ब'च्या वाट्याला धामण आली. विष नाही, फणा नाही, ऊसतोडीत पाठीवर कोयता बसलेला, आणि वर म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणून तालुकाभर बदनाम. साप दूध पीत नाही हे मामानं तीनदा सांगितलं, तरी एका पोरीच्या आईनं पहिल्याच शनिवारी चरवीभर दूध धाडलं. मामानं त्याचा चहा केला.

मंडळ चित्रकलेच्या बाईंच्या गळ्यात पडलं होतं, कारण शाळेत रिकाम्या फक्त त्याच आहेत असं बाकीच्यांचं मत होतं. बाईंना सापाची इतकी भीती की फळ्यावर सापाचं चित्र काढतानासुद्धा त्या शेपटीकडून सुरुवात करायच्या. तरी शनिवारी अर्धी शाळा सुटली की आम्हा पोरींना घेऊन त्या एसटीत बसायच्या आणि शेडच्या दारात नाकाला पदर लावून शेवटपर्यंत उभ्या राहायच्या. नाग हातात घेणाऱ्यापेक्षा ह्याला जास्त छाती लागते, असं माझं मत आहे.

धामणीला लागतात उंदीर, आणि उंदीर म्हटलं की आमची पिठाची गिरणी. तोवर वर्गात मला 'पिठाची गोणी' म्हणायचे, कारण माझ्या वेण्यांत कायम पीठ बसलेलं असायचं. उंदरांचा प्रश्न निघाला आणि माझा भाव एकदम वधारला. डबा खाताना पोरी माझ्यासाठी जागा धरायला लागल्या. दर शनिवारी पिंजरा घेऊन मी एसटीत चढायचे ते थेट एखाद्या मंत्र्याच्या तोऱ्यात.

आण्णा, म्हणजे माझे वडील, गणपतीचे कट्टर भक्त. गणपतीचं वाहन मारायचं नाही, हा त्यांचा गिरणीतला पहिला नियम. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ते रोज सकाळी जपून नेऊन सोडायचे, फक्त सोडायचे ते पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या गिरणीच्या मागं. भक्ती आणि धंदा एका फेरीत उरकणारा असा माणूस मी दुसरा बघितला नाही. शनिवारचा उंदीर मी नदीवर सोडून येते, असं सांगून मी पिंजरा उचलायचे. पोरगी देवाधर्माला लागली म्हणून ते खूश होते.

अडचण एकच होती, धामण खात नव्हती. पाच शनिवार उंदीर तिच्या नाकासमोरून फिरला आणि ती पेटीच्या कोपऱ्यात वेटोळं करून पडून राहिली. मग तोच उंदीर 'अ'चा नाग गट्टम करायचा आणि त्या पोरी आमच्याकडं बघून फिदीफिदी हसायच्या. आमच्या उंदरांवर पोसलेला नाग बघून माझं डोकं फिरायचं. मामा म्हणाला, धडधाकट साप महिनोन्महिने उपाशी राहतो, पण हिच्या अंगात ताकद आली नाही तर जखम भरणार नाही आणि ही जाईल. तिच्या पाठीचा कणा वर दिसायला लागला होता. माझा तिच्यात फार जीव अडकला होता, ह्यात आता लाजायचं काय? गणिताच्या तासालाही मला तीच दिसायची.

सहाव्या शनिवारच्या आदल्या दिवशी एक गिऱ्हाईक ज्वारी दळायला आलं आणि त्याच्या पायावरून उंदीर गेला. त्यानं गिरणी डोक्यावर घेतली, दळण दुसरीकडं नेतो म्हणाला. आण्णांनी आत जाऊन काळपट गोळ्या करून आणल्या आणि त्याच्या देखत चक्कीखाली ठेवल्या. जालीम औषध आहे, उद्या एक उंदीर शिल्लक राहणार नाही, असं त्याला सांगितलं. मी पोत्यावर बसून ऐकत होते.

शनिवारी सकाळी पिंजरा रिकामा. आणि मी तर वर्गात फुशारकी मारून बसलेली, की उद्या असा उंदीर आणते की धामण उठून उभी राहील. चक्कीखाली वाकून बघितलं, तर गोळ्यांच्या शेजारी एक गलेलठ्ठ उंदीर मख्ख बसलेला. धरायला त्याच्यावर डबा उपडा घातला तरी तो हलला नाही. त्यानं औषध खाल्लंय हे मला कळत होतं, न कळायला मी काय कुक्कुलं बाळ नव्हते. पण मी मनाला म्हटलं, खाल्लं नसेलही. मग म्हटलं, थोडंच खाल्लं असेल. मग म्हटलं, एवढ्याशानं एवढ्या मोठ्या धामणीला काय होतंय. वडगावच्या फाट्यापर्यंत मी हेच घोकत गेले.

मामानं चिमट्यात धरून उंदीर पेटीवर आणला, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदाच धामणीनं मान उचलली. जीभ लवलवत ती पुढं सरकली. 'अ'च्या पोरीसुद्धा नागाला सोडून आमच्या पेटीपाशी आल्या. बाईंच्या नाकावरचा पदर खाली आला.

"मामा, देऊ नका," मी म्हणाले. "त्यानं औषध खाल्लंय."

मामानं हात मागं घेतला. माहीत होतं तर आणलास कशाला, असं बाईंनी विचारलं. मामानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो मागं जाऊन उंदीर मारून, पुरून आला, हात धुतले. शेडात दुसरा उंदीर नव्हता. "आज तोंड उघडत हुती," तो म्हणाला. "परत उघडंल का, सांगता येत न्हाई."

घरी येऊन मी आण्णांसमोर भोकाड पसरलं आणि सगळं सांगून टाकलं. ते आधी चक्रावलेच.

"औषध कुठलं? कणीक हुती ती, वरनं काजळी फासलेली. मी औषध घालीन व्हय?"

म्हणजे उंदीर ठणठणीत होता. पोटभर कणीक खाऊन त्याला नुसतं हलवत नव्हतं. तोंडाशी आलेला चांगला घास मी माझ्या हातानं काढून घेतला होता. मी कपाळावर हात मारला, आणि तेवढ्यात आण्णांच्या लक्षात आलं की पाच आठवडे त्यांचे उंदीर नदीवर गेलेच नव्हते. ते ताटावरून उठले, देवासमोर जाऊन बसले. आईनं मला खुणेनंच गप्प केलं. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन त्यांनी एवढंच विचारलं, ती मरंल काय. मी म्हटलं, न्हाई खाल्लं तर मरंल.

रविवारी सकाळी पिंजऱ्यात उंदीर होता. मी शिळी भाकरी लावायचे, आण्णांनी गरम भजं लावलं होतं. रविवारी गिरणीत श्वास घ्यायला फुरसत नसते, तरी त्यांनी शटर ओढलं आणि पिंजरा धोतराच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला. एसटीत कंडक्टरनं विचारलं, पावणं, पिशवीत काय हाय. आण्णा खोटं बोलले नाहीत, गणपतीचं वाहन हाय म्हणाले. कंडक्टर पिशवीला नमस्कार करून पुढं गेला.

शेडमध्ये आण्णा पेटीकडं पाठ करून, हात जोडून उभे राहिले. मामानं उंदीर धरला. धामण हलेना. मामाचा हात अवघडला, त्यानं चिमटा दुसऱ्या हातात घेतला, तरी हलेना. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मग मान वर आली, आणि तिनं झडप घातली. घास गळ्याखाली जायला वेळ लागला, तो जाईपर्यंत मी पेटीची कड सोडली नाही.

"झालं काय?" आण्णांनी पाठमोरंच विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या, पुटपुटत देवाची माफी मागितली. मग तसेच पाठमोरे उभे राहून मामाला म्हणाले, "एकात भागलं काय तिचं? का उद्या आणि एक आणू?"